थंडीत जुनी डिझेल गाडी सकाळी थरथरते? इंजेक्टर बदलण्याआधी हे तपासा

निफाड तालुक्यात जानेवारीत पारा सहा-सात अंशांवर आला की द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांतून शेकोट्या पेटतात. अशाच एका पहाटे माझ्या गाडीचं दुखणं सुरू झालं. सेल्फ चार-पाच सेकंद मारावा लागला, मग गाडी सुरू झाली आणि लगेच अख्खी थरथरायला लागली. आतला आरसा इतका हलत होता की मागचं काही दिसेना. सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत होता. दोन मिनिटं गेली आणि सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं.

मी गाडी गॅरेजला नेली. वीस किलोमीटर चालवत नेली, म्हणजे पोहोचेपर्यंत इंजिन पूर्ण गरम. मेकॅनिकने बोनेट उघडून ऐकलं आणि म्हणाला, इंजिन मस्त आहे. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) गेलेत. खर्चाचा आकडा गाडी विकून येतील त्या पैशांच्या चौथाईएवढा होता. शेवटी इंजेक्टरला हातही लावावा लागला नाही. पण ते कळायला मला अख्खा हिवाळा लागला. तुमचा हिवाळा वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

माझी गाडी २०११ची आहे. इंजिन १२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं, कॉमन रेल (म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, रेलमधून, मोठ्या दाबाचं डिझेल मिळतं), मूळ रचना फियाटची. हेच इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलं. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कुठल्याही कॉमन रेल डिझेलला लागू पडतं. जुन्या पंप-नोझलच्या (यांत्रिक पंपाने डिझेल ढकलणाऱ्या) गाडीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगेन.

थंडीतच का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पहाटे सिलिंडरच्या भिंती गार असतात, त्या ही उष्णता शोषून घेतात. सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते आणि उष्णता आणखी कमी होते. म्हणजे सकाळच्या त्या पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी नीट लागतात: पुरेशी उष्णता, पुरेसा दाब आणि बारीक, वेळेवरचा फवारा. तिन्हींपैकी एखादी थोडी कमी असली तरी गरम इंजिन ती झाकून नेतं, गार इंजिन उघडी पाडतं. म्हणून शोध त्या दोन मिनिटांतच लावायचा असतो. गरम गाडीवर केलेलं निदान हा अंदाज असतो.

लागणारं सामान

- मल्टीमीटर. साधा चालतो, पण व्होल्ट आणि ओहम दोन्ही मोजणारा हवा.
- ओबीडीचा (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा) ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनमध्ये त्याचं ॲप. काही जुन्या गाड्यांत स्वस्त ॲप मोजक्याच गोष्टी दाखवतं, तरी पाण्याचं तापमान आणि आरपीएम सहसा मिळतात.
- हातभर पारदर्शक पाइप, डिझेलला टिकणारा, आणि त्याला बसतील असे क्लिप.
- एकाच मापाच्या चार बाटल्या आणि बारीक नळ्या.
- रॅचेट, लांब सॉकेट, टॉर्च, हातमोजे.
- वही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

कागदांपैकी गाडीसोबत आलेली पुस्तिका, जुनी सर्व्हिस बिलं आणि आरसी जवळ ठेवा. पार्ट मागवताना चासी नंबर आणि इंजिन नंबर सांगितला तर चुकीचा प्लग किंवा फिल्टर गळ्यात पडत नाही. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे बिलांतच सापडतं.

१. पहिली दोन मिनिटं वहीत उतरवा

सलग तीन सकाळी हे करा. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. शेड बंद असेल तर आधी दार उघडा, धूर कोंडू देऊ नका. हँडब्रेक, न्यूट्रल, एसी बंद. फोन डॅशबोर्डवर ठेवून व्हिडिओ सुरू करा, आवाज आणि आरपीएमचा काटा दोन्ही येऊ द्या. मग लिहा: बाहेरचं तापमान, सेल्फ किती सेकंद मारावा लागला, थरथर किती वेळ टिकली, धूर कुठल्या रंगाचा होता.

यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, की लगेच सुरू होते पण नंतर थरथरते? लोक दोन्हींना "सकाळी त्रास देते" असं एकच नाव देतात, पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. बराच वेळ सेल्फ मारून सुरू होते आणि मग लवकर शांत होते, तर संशय डिझेलच्या पुरवठ्यावर, हवा धरण्यावर (डिझेलच्या पाइपमध्ये हवा शिरण्यावर) किंवा बॅटरीवर. लगेच सुरू होते पण मिसिंग करते (एखादा सिलिंडर नीट पेटत नाही), तर संशय सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगवर, एखाद्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनवर (हवेच्या दाबावर) किंवा एखाद्या इंजेक्टरवर. माझ्या गाडीत दोन्ही होती, एकात एक मिसळलेली. म्हणून तर इतका गोंधळ झाला.

दुसरी खूण तालाची. चार स्ट्रोकच्या इंजिनात ८०० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात वेळा. एकच सिलिंडर चुकत असेल तर धक्का याच वेगाने, एकसारख्या ठेक्यात बसतो. हात स्टेअरिंगवर ठेवला की ठेका जाणवतो. याउलट आरपीएम वर-खाली झुलत असेल, ठेका सापडतच नसेल, तर एखाद्या सिलिंडरपेक्षा सगळ्यांना मिळणाऱ्या गोष्टीकडे बघा: हवा धरलेलं डिझेल, चुकीचा सेन्सर, अडकलेला ईजीआर (जळालेल्या वायूंचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

थरथर गरम झाल्यावरही तशीच राहत असेल आणि धूर नसेल, तर आधी इंजिन माउंटिंगचे रबर बघा. जुने रबर कडक होतात आणि निरोगी इंजिनाचीही थरथर आत आणतात.

आणखी एक आवाज ओळखून ठेवा. सुरू झाल्यावर पहिले एक-दोन सेकंद टिक-टिक झालं आणि ऑइल पोहोचताच थांबलं, तर ते बहुधा व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक भागांचं असतं. पण साखळी खळखळल्यासारखा आवाज येत असेल, तर बाकीच्या चाचण्या बाजूला ठेवा. या इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे आणि तिचा ताण ऑइलच्या दाबाने राखला जातो. सैल झालेली चेन सुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

२. धुराचा रंग

पांढरा, झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे डिझेल आत गेलं पण पेटलं नाही. थंडीतल्या थरथरीत हाच जास्त दिसतो. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: ईजीआर, एअर फिल्टर किंवा जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा पण गोडसर वासाचा धूर, शिवाय कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या, म्हणजे हेडखालच्या सीलची) शंका घ्या आणि ती आधी मिटवा.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. डिझेलची ती धुराची चाचणी गरम इंजिनावर होते. सकाळच्या धुराबद्दल ती काहीच सांगत नाही.

३. बॅटरी आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ९.६च्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५च्या दरम्यान आलं पाहिजे.

आता बहुतेक जण विसरतात ती चाचणी. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या मोकळ्या धातूवर ठेवून सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजली आहे. नवीन बॅटरी टाकूनही सेल्फ सुस्त फिरतो, त्यामागे अनेकदा हीच पट्टी असते. काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा.

ऑइलचंही बघून घ्या. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना "जुनी गाडी आहे, जाड टाका" म्हणून कुणी २०डब्ल्यू-४० भरलं असेल, तर गार इंजिन जड फिरतं आणि सुरू व्हायला लागणारा वेग मिळत नाही.

४. हीटर प्लग: इथे वेळ द्या

काही जण ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजमध्ये हीटर प्लग. प्रत्येक सिलिंडरला एक, म्हणजे चार. चावी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह पेटतं ते यांचंच. पहिली चूक इथेच होते. चिन्ह पेटलं आणि विझलं म्हणजे प्लग तापले, असं आपण धरतो. खरं तर बऱ्याच जुन्या गाड्यांत ते चिन्ह फक्त ठरलेला वेळ मोजतं. चारही प्लग मेलेले असले तरी ते तितक्याच इमानाने पेटतं आणि विझतं. शिवाय कॉमन रेल गाडीत इंजिन सुरू झाल्यावरही प्लग काही वेळ तापत राहतात, थरथर आणि धूर कमी व्हावा म्हणूनच. त्यामुळे प्लग गेला की गाडी सुरू होते पण थरथरते.

जुन्या पंप-नोझलच्या गाडीत, उदाहरणार्थ १४०५ सीसीच्या जुन्या इंडिकात, डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. तो कप्पा उष्णता फार खातो. तिथे प्लग गेले तर पुण्याच्या साध्या थंडीतही गाडी हट्ट करते. कॉमन रेल गाडी मेलेल्या प्लगवरही महिनोन् महिने सुरू होत राहते आणि फक्त कडाक्याच्या थंडीत बोलते. म्हणून तिच्याबाबतीत प्लगवर कुणाचा संशय लवकर जात नाही.

बिनखर्ची चाचणी आधी करा. एका सकाळी नेहमीसारखी गाडी सुरू करा. दुसऱ्या सकाळी, साधारण तेवढ्याच थंडीत, चावी ऑन करा, चिन्ह विझल्यावर आणखी पाच सेकंद थांबा, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. थरथर स्पष्ट कमी झाली तर उष्णता कमी पडतेय, हे जवळपास ठरलं. माझ्या गाडीत फरक पडला, पण थोडासाच. तेव्हा मी हीटर प्लगचा नाद सोडून दिला. ती माझी चूक होती. चारपैकी दोन प्लग पूर्ण मेलेले असतील, तर चावी कितीदा फिरवली तरी ते दोन तापणारच नाहीत. फरक पडला तर चाचणी बोलते. पडला नाही, तर ती काहीच सिद्ध करत नाही.

मग मल्टीमीटर घ्या. चावी बंद, इंजिन गार. प्लगवरची तार काढा. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहा, तो नंतर वजा करायचा आहे. मग एक तार प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या धातूला. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहमच्या आत दाखवतो आणि चारही एकमेकांच्या जवळ असतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग आतून तुटला आहे. माझ्या गाडीत पहिला आणि चौथा असे निघाले.

चारही प्लग चांगले निघाले तर त्यांच्यापर्यंत वीज येते का ते बघा. गार इंजिनावर चावी ऑन केली की काही सेकंद तारेवर जवळपास बॅटरीइतके व्होल्ट दिसले पाहिजेत. नसतील तर त्याचा मोठा फ्यूज, रिले आणि वायरिंग तपासा. नव्या पद्धतीच्या काही प्लगना मात्र कमी व्होल्ट लागतात आणि ते कंट्रोलर ठरवतो. असा प्लग थेट बॅटरीला लावून तपासू नका, जागेवर जळेल. प्लगवर किंवा पुस्तिकेत व्होल्ट लिहिलेले असतात, ते वाचा.

प्लग काढताना घाई झाली तर सगळा बचत केलेला पैसा जातो. वर्षानुवर्षं काजळीत बसलेला प्लग तुटून हेडमध्ये अडकू शकतो आणि मग हेड उतरवावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. इंजिन कोमट असताना, हाताच्या रॅचेटने, थोडं सैल थोडं घट्ट असं करत काढा. वाऱ्याच्या गनने कधीच नको. हलत नसेल तर थांबा आणि अनुभवी माणसाकडे द्या. नवे बसवताना पुस्तिकेतल्या टॉर्कपेक्षा जास्त जोर नको. तो आकडा आपल्याला वाटतो त्याहून खूप लहान असतो. आणि दोन गेले असतील तरी चारही बदला. उरलेले दोन त्याच वयाचे आहेत.

५. तापमानाचा सेन्सर

ही चाचणी एका मिनिटाची आहे. रात्रभर उभ्या गाडीत, सुरू करण्याआधी, चावी ऑन करून ॲपमध्ये दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभरात दोन्ही बाहेरच्या हवेइतके झालेले असतात, तेव्हा दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. बाहेर ८ अंश आणि कूलंट ३५ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटतं इंजिन कोमट आहे, म्हणून तो प्लग कमी तापवतो आणि डिझेलही थंड इंजिनाच्या हिशोबाने सोडत नाही. सेन्सर स्वस्त असतो. मी हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं.

६. डिझेलमध्ये हवा

प्लग बदलल्यावर माझ्या गाडीची थरथर आणि धूर गेला. पण सेल्फ अजूनही चार-पाच सेकंद मारावा लागत होता. तेव्हा पहिल्या पायरीतला तो भेद कामी आला: हे दुसरं दुखणं होतं.

कॉमन रेलमध्ये रेलचा दाब साधारण २०० बारच्या वर गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. रात्रीतून कुठून तरी हवा शिरली आणि डिझेल टाकीकडे उतरलं, तर सकाळी पंप आधी ती हवा ढकलतो. तोवर सेल्फ नुसता फिरतो. सुरू झाल्यावरही बुडबुडे जात राहिले तर आरपीएम झुलतो.

बाहेर डिझेल ठिबकत नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत लाइनमध्ये दाब असतो, तिथे फट असली तर ओल दिसते. पण जिथे पुढचा पंप डिझेल ओढून घेतो, तिथे त्याच फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेर थेंबही दिसत नाही.

उताराची चाचणी फुकट आहे. एक रात्र गाडी तोंड खाली करून उभी करा, दुसरी रात्र तोंड वर करून. टाकी मागे असते, त्यामुळे तोंड वर असताना डिझेल मागे उतरायला सोपं जातं. फक्त त्याच सकाळी सेल्फ जास्त मारावा लागला तर हवेचा संशय पक्का. आमच्या अंगणाला फारसा उतार नाही. मी पुढची चाकं फळ्यांवर चढवून, मागच्या चाकांना दगड लावून हे केलं.

नंतर पारदर्शक पाइप. डिझेल फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामध्ये, फक्त कमी दाबाच्या बाजूला, तो बसवा. संध्याकाळी गाडी चालवून हवा निघून गेल्याची खात्री करा. सकाळी सुरू करण्याआधी टॉर्च लावून बघा. एखाद-दुसरा बारीक बुडबुडा चालतो. पाइपचा मोठा भाग रिकामा असेल तर हवा शिरते आहे. मग पाइप टाकीकडे एक-एक जोड मागे सरकवत न्या. ज्या जोडाच्या पुढे बुडबुडे आहेत आणि मागे नाहीत, तिथेच फट आहे. नेहमीच्या जागा: फिल्टरखालच्या पाणी काढायच्या स्क्रूचं रबर, फिल्टरच्या झाकणाची रिंग, हातपंपाचा फुगा, तडे गेलेले पाइप आणि इंजेक्टरवरून परत जाणाऱ्या बारीक नळ्या.

माझ्या गाडीत पाणी काढायच्या स्क्रूची रबर रिंग चपटी झाली होती. बिलं चाळली तेव्हा दिसलं की हे दुखणं सुरू होण्याआधी दोन महिने फिल्टर बदलला होता. जुनी रिंग तशीच परत बसवली गेली होती. रिंग किरकोळ पैशांत आली.

फिल्टर हातात आहेच तर त्यातलं पाणीही काढा. आणि दर वेळी "थंडीने डिझेल गोठलं असेल" असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आपल्याकडे हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल नाशिकच्या थंडीत सहसा गोठत नाही. लडाखची गोष्ट वेगळी. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं खास डिझेल आणलं. हिवाळ्यात लेहला गाडी नेणार असाल तर ते तिथेच भरा, खालून भरलेली टाकी घेऊन वर जाऊ नका.

७. ईजीआर

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूंचा काही भाग परत आत सोडतो. गार इंजिनावर तो बंद असायला हवा. काजळीने अर्धवट उघडा अडकला तर गार हवेऐवजी धूर आत जातो, थरथर होते आणि काळा धूर येतो. त्याचा कनेक्टर काढून फरक पडला नाही म्हणून तो निर्दोष आहे असं समजू नका. काजळीत अडकलेला व्हॉल्व्ह वीज काढल्यानेही मिटत नाही. तो काढून डोळ्यांनी बघा, क्लीनरने साफ करा, नवं गॅस्केट लावून बसवा. कायमचा बंद करून देतो म्हणणारे भेटतील. तसं करून घेऊ नका, ते प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही.

८. आता इंजेक्टर

इथवर सगळं ठीक निघालं तरच इंजेक्टरकडे या.

आधी नुसत्या डोळ्यांनी. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमला असेल, सुरू असताना तिथून फुस-फुस आवाज येत असेल, तर खालचं तांब्याचं वायसर गळतंय. इंजेक्टर चांगला असूनही त्या सिलिंडरचा दाब निसटतो. वायसर बदलून काम भागतं, मात्र लवकर करा.

मग परतीच्या डिझेलची चाचणी. प्रत्येक इंजेक्टरची बारीक परतीची नळी सोडवून एकेका बाटलीत सोडा, गाडी काही मिनिटं स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू द्या. चारही बाटल्यांत जवळपास सारखं डिझेल आलं पाहिजे. एकात इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर आतून गळतोय. पायझो प्रकारच्या इंजेक्टरवर ही चाचणी करू नका, त्यांना परतीच्या नळीतही ठरावीक दाब लागतो. कुठल्या प्रकारचे आहेत ते आधी विचारून घ्या.

इथला सगळ्यात धोक्याचा सापळा: जुने मेकॅनिक चालू इंजिनावर एकेक इंजेक्टरचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर चुकतोय ते शोधायचे. माझ्या वडिलांच्या जीपवर मी ते पाहिलं आहे. कॉमन रेलवर हे कधीच, कुणालाही करू देऊ नका. स्लोवरही रेलमध्ये काहीशे बारचा दाब असतो. ती धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. कुणाला असं झालंच तर रक्त नाही म्हणून थांबू नका, तडक दवाखाना गाठा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलं आहे, हे सांगा. चालू इंजिनावर इंजेक्टरचा विजेचा कनेक्टरही ओढू नका. सिलिंडर एकेक बंद करण्याची सोय चांगल्या स्कॅनरमध्ये असते, ती वापरायला सांगा. त्याच स्कॅनरमध्ये प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन (ईसीयू त्याला किती डिझेल कमी-जास्त करून देतोय तो आकडा) दिसतं. तीन शून्याच्या आसपास आणि एकच दूर असेल तर तो सिलिंडर ओळखला गेला. हे आकडे गार आणि गरम, दोन्ही वेळा घ्यायला सांगा.

एक इंजेक्टर दोषी निघाला तर तो डिझेल लॅबमध्ये बेंचवर तपासून घ्या आणि कागदावर रिपोर्ट मागा. बदललाच, तर बहुतेक गाड्यांत त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. तो भरला नाही म्हणून नवा इंजेक्टर टाकूनही गाडी मिसिंग करत राहते.

९. कॉम्प्रेशन

ही शेवटची पायरी. डिझेलसाठीचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही. हीटर प्लगच्या भोकातून मोजतात. तब्येतीतलं इंजिन साधारण २५ ते ३० बार देतं. पण आकड्यापेक्षा चारांमधला फरक जास्त सांगतो. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह. मापन गार इंजिनावरही घ्यायला सांगा, दुखणं गारच असताना आहे.

१०. ज्या गोष्टी करायच्या नाहीत

- हवेच्या पाइपमध्ये ईथरचा स्प्रे मारून गाडी सुरू करणं. तापलेल्या हीटर प्लगवर तो वेळेआधी भडकतो, पिस्टन फुटू शकतो.
- डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळणं. हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. ते पातळ केलं की पंप घासतो आणि त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो.
- सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त एकसलग मारणं. मध्ये अर्धा मिनिट थांबा.
- थरथर थांबावी म्हणून गार इंजिन रेस करणं. ऑइल अजून वर पोहोचलेलं नसतं.

११. गाडी गॅरेजला देताना

संध्याकाळी नेऊन ठेवा आणि स्पष्ट सांगा: रात्रभर उभी राहू द्या, सकाळी मी आल्याशिवाय कुणीही सुरू करू नका. सकाळी स्वतः हजर राहा. बोनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागली तर कुणीतरी आधीच सुरू केली आहे, त्या दिवशीची तपासणी पुढे ढकला. वही आणि व्हिडिओ दाखवा. "सकाळी त्रास देते" असं मोघम न सांगता असं सांगा: "आठ अंशांना, दोन सेकंदांत सुरू होते, दीड मिनिट एका ठेक्यात मिसिंग करते, पांढरा धूर येतो, हीटर प्लग मोजलेत, चारही एक ओहमच्या आत आहेत." असं बोलणाऱ्याला उगाच चार इंजेक्टर सांगायला समोरचा धजत नाही, आणि जो खरा कारागीर आहे तो खुश होतो. मला असा एक भेटला. त्यानेच पारदर्शक पाइपची युक्ती दाखवली, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्याकडे द्राक्षांची पेटी घेऊन गेलो.

दुरुस्ती झाल्यावरही तीन सकाळी तोच व्हिडिओ, त्याच नोंदी. जमलं तर थंडीच्या लाटेत. पंधरा अंशांची सकाळ सगळ्याच गाड्यांना सोपी असते. काढलेले जुने प्लग आणि रिंग मागून घ्या आणि डिक्कीत एका पिशवीत ठेवा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून.